सँडीगेटचा उतार

इंग्लंडमधलं शेफिल्ड हे टेकड्यांचं शहर. त्याच्या पश्चिम टोकाला, जिथे चढण संपत येते आणि वारा अंगावर यायला लागतो, तिथे क्रॉसपूल नावाची वस्ती आहे. साधी घरं, बसचा थांबा, रस्त्याच्या कडेला प्लाउ नावाच्या पबची इमारत, आणि तिच्यासमोर एक फुटबॉलचं मैदान. नाव सँडीगेट. सामन्याच्या दिवशी पहिल्यांदा आत शिरणाऱ्याला आधी दिसतो तो उतार. मैदान नुसतं एका बाजूला कललेलं नाही, ते तिरकं एका कोपऱ्याकडे उतरत जातं. छोटासा स्टँड, कठड्याला रेलून उभे राहिलेले लोक, शेजारी लागूनच क्रिकेटचं मैदान. इथे निळ्या जर्सीतला हॅलम एफसी खेळतो. इंग्लिश फुटबॉलच्या उतरंडीत वरून मोजत आलं तर आठव्या-नवव्या पायरीच्या आसपासचा हा संघ. पण जगातलं सर्वांत जुनं फुटबॉल मैदान म्हणून गिनेसच्या पुस्तकात नोंद आहे ती याच मैदानाची.

ही नोंद नेमकी कशाची, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. सँडीगेटवर क्रिकेट १८०४ पासून खेळलं जात होतं. फुटबॉल आलं ते २६ डिसेंबर १८६० रोजी. हॅलम हा जगातला सर्वांत जुना क्लब नव्हे, तो मान शेफिल्ड एफसीचा, स्थापना २४ ऑक्टोबर १८५७. हॅलम दुसरा. माझ्या मते फुटबॉलच्या इतिहासात या दुसऱ्या क्लबचं महत्त्व पहिल्याइतकंच आहे, कारण एकट्या क्लबला सामना खेळता येत नाही.

शेफिल्ड एफसी काढला दोघांनी, नॅथॅनिएल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट. एक वकील, दुसरा दारूचा व्यापारी. दोघेही क्रिकेट खेळणारे, आणि हिवाळ्यात काय करायचं हा त्यांच्यापुढचा प्रश्न. क्लबचं पहिलं ठिकाण म्हणजे एका बंगल्याच्या आवारातलं काचघर. १८५८ मध्ये त्यांनी स्वतःची नियमावली केली. तेव्हा इंग्लंडमध्ये प्रत्येक बड्या शाळेचं फुटबॉल वेगळं होतं. कुठे चेंडू हातात घेऊन पळायचं, कुठे नाही. कुठे समोरच्याच्या नडगीवर लाथ घालणं खेळाचा भाग, कुठे तो गुन्हा. शेफिल्डच्या नियमांत लाथा घालायला आणि पाय अडकवून पाडायला मनाई होती, हातानं ढकलायला मात्र परवानगी होती. ऑफसाइड ही भानगडच नव्हती. चेंडू झेलला तर फ्री किक मिळे. आज आपण पाहतो त्या खेळापासून हे बरंच दूर आहे, पण कागदावर उतरलेलं आणि कोणालाही वाचून खेळता येईल असं काहीतरी झालं होतं.

पण खेळायचं कोणाशी? सुरुवातीची तीन वर्षं क्लबचे सभासद आपापसातच संघ पाडून खेळत. विवाहित विरुद्ध अविवाहित, नोकरदार विरुद्ध बाकीचे, अशा जोड्या लावत. शाळेच्या मैदानावर 'आळीतली एक बाजू, वाड्यातली दुसरी' म्हणत खेळलेल्यांना यात नवल वाटणार नाही. ही कोंडी १८६० मध्ये फुटली. शेफिल्ड क्लबशी संबंध असलेल्या जॉन शॉ यांनी शहराबाहेरच्या हॅलम गावात क्लब काढला. हॅलम तेव्हा खरंच गाव होतं. क्लबचं टोपणनाव आजही 'द कंट्रीमेन', म्हणजे गावाकडची मंडळी. शॉ पुढे शेफिल्डच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष झाले.

पहिला सामना ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, सुटीत, सँडीगेटवर झाला. जमिनीवर बर्फ होता. शेफिल्डच्या जर्सी लाल-पांढऱ्या, हॅलमच्या निळ्या. त्या पांढऱ्याशुभ्र बर्फावर हे रंग किती खुलून दिसत होते, याचं वर्णन तेव्हाच्या स्थानिक वर्तमानपत्राच्या वार्ताहरानं आवर्जून केलं आहे. घसरून पडणाऱ्यांची प्रेक्षकांनी यथेच्छ थट्टा केल्याचंही त्यात आहे. शेफिल्ड २-० असं जिंकलं. दोन वेगवेगळ्या फुटबॉल क्लबांमधला जगातला हा सर्वांत जुना सामना, आणि ही जोडी आजही समोरासमोर आली की त्याला 'रूल्स डर्बी' म्हणतात. डर्बी म्हणजे शेजारच्या दोन क्लबांमधली लढत.

दोन वर्षांनी, २९ डिसेंबर १८६२ रोजी, याच दोन क्लबांत शेफिल्डमधल्या ब्रामॉल लेन या मैदानावर एक सामना झाला. त्याची गोष्ट मराठी वाचकानं जरा थांबून ऐकावी अशी आहे. सामना मदतनिधीसाठी होता, आणि मदत होती लँकेशरच्या गिरणी कामगारांसाठी. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं रोखली आणि अमेरिकन कापूस येईनासा झाला. पेनाइन टेकड्यांच्या पलीकडे लँकेशरमधल्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १८६२ चा हिवाळा तिथे उपाशीपोटी गेला. शेफिल्ड हे पोलादाचं आणि सुऱ्या-कात्र्यांचं शहर, त्याचा कापसाशी थेट संबंध नव्हता. तरी शेजारच्या परगण्यासाठी त्यांनी पैसे उभे केले.

त्याच कापसाची दुसरी बाजू आपल्याकडे होती. अमेरिकेचा माल थांबल्यावर लँकेशरनं मुंबईकडे तोंड वळवलं. खानदेश, वऱ्हाड, हिंगणघाट इथल्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला, समुद्रात भराव घालण्याच्या कंपन्यांचे शेअर कागदावरच आकाशाला भिडले. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि तो सगळा डोलारा कोसळला. प्रेमचंद रायचंद यांनी त्या तेजीत कमावलेल्या पैशातून विद्यापीठाला देणगी दिली, आणि आईच्या नावाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. भाव पडल्यावर कर्जात रुतलेला दख्खनचा शेतकरी मात्र सुटला नाही. १८७५ मध्ये सुप्यात सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या त्याच्या कारणांत ही कापसाची पडझडही मोजली जाते. शेफिल्डमध्ये मदतीचा चेंडू लाथाडला जात होता, त्याच हिवाळ्यात मुंबईत कापसाच्या गाठी सोन्याच्या भावानं चालल्या होत्या. एका टोकाची उपासमार आणि दुसऱ्या टोकाची तेजी एकाच धाग्यानं बांधलेली होती, हे त्या सामन्याच्या इंग्रजी वर्णनांत सहसा येत नाही. म्हणून इथे लिहिलं.

तो सामना गाजला मात्र वेगळ्या कारणानं. धडपडीत क्रेसविक यांचा धक्का हॅलमच्या वॉटरफॉल नावाच्या खेळाडूला लागला. त्यानं वेस्टकोट काढून फेकलं आणि सरळ गुद्दे चालवायला सुरुवात केली. प्रेक्षक मैदानात घुसले. शेवटी वयस्क मंडळींनी मध्ये पडून दोघांना सोडवलं, आणि वॉटरफॉलला शिक्षा म्हणून गोलमध्ये उभं केलं. सामना ०-० सुटला.

एकदा दोनाचे दहा क्लब व्हायला वेळ लागला नाही. १८६७ मध्ये शेफिल्डमधले नाट्यगृहमालक थॉमस युडन यांनी एक चषक ठेवला आणि १२ क्लब उतरले. फुटबॉलच्या इतिहासातली ही पहिली चषक स्पर्धा, इंग्लंडच्या प्रसिद्ध एफए कप स्पर्धेच्याही चार वर्षं आधीची. अंतिम सामन्यात हॅलमनं नॉरफोक या क्लबला हरवलं, पण एकही गोल न करता. तेव्हा शेफिल्डच्या नियमांत 'रूज' असे. गोलच्या दोन्ही बाजूंना थोड्या अंतरावर निशाणं लावलेली. त्यांच्यामधून गोल हुकलेला चेंडू मागे गेला आणि हल्ला करणाऱ्यानं तो आधी जमिनीवर टेकवला की रूज. गोल बरोबरीत असले तर रूज मोजायचे. हॅलमचे दोन, समोरच्यांचा एकही नाही. तो चांदीचा चषक पुढे क्लबच्या हातातून गेला आणि कितीतरी दशकं बेपत्ता होता. १९९७ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे तो सापडला आणि हॅलमनं २,००० पौंड मोजून घरी आणला. एवढ्या लहान क्लबला ही रक्कम जड होती. जत्रेत हरवलेलं मूल घरी यावं तसं ते आहे.

शेफिल्डचे नियम नुसते स्थानिक गंमत म्हणून उरले नाहीत. कॉर्नर किक त्यांच्याकडून आली, १८७२ मध्ये लंडनच्या फुटबॉल असोसिएशननं, म्हणजे एफएनं, ती स्वीकारली. १८६६ मध्ये बॅटरसी पार्कवर लंडन विरुद्ध शेफिल्ड सामना झाला तेव्हा शेफिल्डचे खेळाडू चेंडू डोक्यानं मारताना पाहून लंडनकरांना हसू आवरेना, असं सांगतात. १८७७ मध्ये दोन्ही नियमावल्या एक झाल्या. पुढच्याच वर्षी ब्रामॉल लेनवर विजेच्या दिव्यांखाली रात्रीचा सामना खेळवला गेला.

मग असं शहर असताना सँडीगेटसारखं मैदान तळाच्या पायऱ्यांवर का राहिलं? उत्तर पैशात आहे. १८८५ मध्ये खेळाडूंना पैसे देण्यास अधिकृत मान्यता मिळाली आणि १८८८ मध्ये १२ क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली. शेफिल्डमध्ये वेन्सडे क्लबनं १८८७ मध्ये व्यावसायिक वाट धरली, १८८९ मध्ये ब्रामॉल लेनवर शेफिल्ड युनायटेडचा जन्म झाला, आणि गर्दी तिकडे वळली. शेफिल्ड एफसी आणि हॅलम हौशीच राहिले. त्या एका लीगच्या बाहेर जे राहिले ते सगळे 'नॉन-लीग'. शब्द फसवा आहे. हे क्लबही लीगमध्येच खेळतात, फक्त 'त्या' लीगमध्ये नाही. वर चढण्याचं दारही जवळजवळ शंभर वर्षं मतदानावर उघडे. गुणतक्त्याच्या जोरावर थेट बढती मिळालेला पहिला क्लब यॉर्कशरचाच स्कारबरो, आणि तेव्हा साल होतं १९८७.

शेफिल्ड एफसीनं १९०४ मध्ये एफए अ‍ॅमॅच्युअर कप जिंकला, ती त्यांची मोठी कमाई. २००४ मध्ये फिफानं त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट दिलं, तेही रियल माद्रिदच्या बरोबरीनं. १५० वर्षं झाली तेव्हा इंटर मिलान त्यांच्याशी खेळायला आलं आणि पेले पाहायला. सन्मानाला काही कमी नाही. कमी आहे ती जागेची. जगातल्या पहिल्या क्लबला स्वतःचं कायमचं मैदान मिळायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. अ‍ॅबीडेल, ओलर्टनचं कुत्र्यांच्या शर्यतींचं स्टेडियम, डॉन व्हॅलीचं अ‍ॅथलेटिक्स स्टेडियम, अशी बिऱ्हाडं बदलत २००१ मध्ये ते ड्रॉनफिल्डला, एका पबच्या मागच्या मैदानावर गेले. ड्रॉनफिल्ड डर्बीशरमध्ये आहे, म्हणजे शहराच्याच काय, परगण्याच्याही बाहेर. २०११ मध्ये त्यांनी आपली जुनी कागदपत्रं, हस्तलिखित नियमांसह, लिलावात ८,८१,२५० पौंडांना विकली. हे वाचून मला दर वेळी वाईट वाटतं. पण आपल्या शहरात मैदान नसलेला क्लब पैसे उभे करायला घरातलं काय विकणार?

हॅलमचं उलट. त्यांच्याकडे मोठे मानसन्मान नाहीत, पण जागा आहे. मला वाटतं, क्रिकेटच्या शेजारानं आणि त्या उतारानं ती वाचवली. ब्रामॉल लेनही क्रिकेटचंच मैदान होतं, तिथे १९०२ मध्ये कसोटी झाली, पण फुटबॉलचा पैसा वाढला तसं क्रिकेटला जागा सोडावी लागली. १९७३ मध्ये तिथला शेवटचा क्रिकेट सामना झाला आणि खेळपट्टीच्या जागी स्टँड आला. सँडीगेटवर असा स्टँड बांधण्याइतका पैसा कधी आलाच नाही. म्हणून दोन्ही खेळ शेजारी शेजारी टिकले आणि जमीन सपाट करण्याचीही कोणी तसदी घेतली नाही.

आता शनिवारी दुपारी तीनला तिथे गेलं तर या सगळ्याच्या खुणा दिसतात. तीनची वेळसुद्धा जुनीच आहे. १८५० च्या कारखाना कायद्यानं कापड गिरण्यांतलं शनिवारचं काम दोनला थांबवलं, हळूहळू बाकीच्या धंद्यांत अर्धी सुटी आली, आणि कामगार जेवून मैदानावर पोचेल अशी वेळ ठरून गेली. फाटकावर तिकीट घ्यायचं, हवा तर सामन्याचा छापील कार्यक्रम, मग चहा आणि 'पाय' (pie), म्हणजे आत सारण भरून भाजलेला पदार्थ. त्यावर हेंडरसन्स रेलिश हा शेफिल्डचा काळा, आंबट-तिखट सॉस. बसायला जागा मर्यादित, पण इथे उभं राहूनच पाहावं. कठड्याच्या इतकं जवळ खेळाडू येतात की त्यांचं एकमेकांवर ओरडणं स्पष्ट ऐकू येतं. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या की पहिल्या अर्ध्यात चढावर दमलेला संघ आता उताराच्या दिशेनं खेळणार, म्हणून अनुभवी प्रेक्षकही हल्ला ज्या बाजूला होणार तिकडे चहाचा पेला घेऊन सरकतात.

दूरदूरची मैदानं पाहत हिंडणारे लोक इंग्लंडमध्ये बरेच आहेत, त्यांना ग्राउंडहॉपर म्हणतात, आणि त्यांच्या यादीत सँडीगेट ठरलेलंच असतं. त्यांनी एका शनिवारी सँडीगेट आणि दुसऱ्या शनिवारी ड्रॉनफिल्ड करावं. दोन्हींमध्ये थोडंच अंतर आहे. पहिल्या क्लबची शहरात परतायची इच्छा अजून कायम आहे, नव्या मैदानाचे आराखडे मांडले गेले आहेत. तोवर रूल्स डर्बी शेफिल्डच्या हद्दीत पाहायची तर हॅलमच्याच घरी, त्याच उतारावर.