‘ग’ म्हणताना हवा कुठे जाते?

अमुक एका वर्णमालेत माणसाच्या तोंडून निघू शकणारे सगळे ध्वनी आहेत, असा दावा करणारे संदेश वरचेवर फिरत असतात. जगातील भाषांच्या ध्वनींची नोंद ठेवणारा ‘फोइबल’ हा विदासंच (डेटाबेस) पाहिला की हा दावा टिकत नाही. त्यात २,१८६ भाषांच्या ३,०२० ध्वनियाद्या आहेत आणि त्या सगळ्या मिळून ३,१८३ वेगवेगळे ध्वनी नोंदले गेले आहेत. कोणत्याही एका भाषेच्या वाट्याला त्यांतले थोडेच येतात. पापुआ न्यू गिनीतील रोटोकास भाषेच्या एका बोलीचे काम अवघ्या ११ ध्वनींवर भागते, तर बोट्स्वाना आणि नामिबियात बोलल्या जाणाऱ्या ‘ता’ भाषेत ध्वनींची संख्या शंभराच्या पुढे जाते.

या याद्यांत सर्वांत जास्त वेळा आढळणारा ध्वनी म्हणजे ‘म’. तो सुमारे ९६ टक्के याद्यांत आहे. ‘क’ सुमारे ९० टक्के याद्यांत आणि ‘प’ ८६ टक्क्यांच्या आसपास आढळतो. ही टक्केवारी भाषांची आहे, ती बोलणाऱ्या माणसांची नाही, हे मात्र लक्षात ठेवायला हवे. इंग्रजीत ‘थिंक’ म्हणताना जीभ दातांपाशी ठेवून हवा घासत सोडतात. इंग्रजीमुळे हा ध्वनी जगभर कानांवर पडतो, पण ५६७ भाषांच्या एका पाहणीत तो किंवा त्याचा घोष, म्हणजे गळ्यातले स्वरतंतू थरथरवून काढलेला, जोडीदार फक्त ४३ भाषांत सापडला.

काही ध्वनी इतके सर्वत्र आणि काही इतके विरळ का, याची कारणे अनेक आहेत. त्यांतले मला सर्वांत सुंदर वाटणारे कारण हवेच्या दाबाचे आहे आणि ते कोणालाही स्वतःच्या गळ्यावर तपासता येते. ओठ मिटून ‘म्’ असा लांब आवाज काढावा आणि गळ्यावर बोट ठेवावे. स्वरतंतूंची थरथर जाणवेल आणि श्वास पुरेल तोवर ती चालू राहील. आता आवाज चालू असतानाच नाक चिमटीत धरावे. गाल किंचित फुगतात आणि थरथर क्षणात थांबते.

स्वरतंतू थरथरायचे तर त्यांच्यामधून हवा वाहत राहिली पाहिजे, आणि हवा वाहण्यासाठी स्वरतंतूंच्या खालचा दाब वरच्या दाबापेक्षा जास्त असला पाहिजे. ‘म’ उच्चारताना नाकाची वाट मोकळी असते, म्हणून हा फरक टिकतो. ‘ब’, ‘द’, ‘ग’ या घोष स्पर्शांत, म्हणजे हवा पूर्ण अडवून सोडलेल्या घोष ध्वनींत, नाक आणि तोंड या दोन्ही वाटा बंद असतात. खालून येणारी हवा तोंडात साठत जाते, दोन्ही बाजूंचे दाब जवळजवळ सारखे होतात आणि थरथर विझते. ती किती लवकर विझेल, हे अडथळ्याच्या मागे किती पोकळी आहे यावर ठरते. ‘ब’ म्हणताना अडथळा ओठांपाशी असल्यामुळे मागे संपूर्ण तोंड रिकामे असते, शिवाय मऊ गाल फुगून आणखी जागा करून देतात. ‘ग’ म्हणताना मात्र जिभेची मागची बाजू मृदुतालूला, म्हणजे टाळूच्या मागच्या मऊ भागाला, टेकते, त्यामुळे हवेला फक्त घशापुरती जागा उरते आणि ती चटकन भरते. आपल्या वर्णमालेत ‘क’वर्गापासून ‘प’वर्गापर्यंत जाताना उच्चाराची जागा घशाकडून ओठांकडे सरकते, म्हणजेच अडथळ्यामागची पोकळीही वाढत जाते. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जॉन ओहाला यांनी ही मर्यादा सविस्तर मांडली.

बहुतेक भाषांना ‘ग’ जमतो, कारण स्वरयंत्र थोडे खाली ओढून किंवा उच्चार आटोपता घेऊन वेळ निभावता येते. तरीही भाषेतून एखादा घोष स्पर्श निसटायचा असेल, तर तो ‘ग’ असण्याची शक्यता अधिक असते. थाई आणि डच भाषांत ‘ब’ आणि ‘द’ सारखे ध्वनी आहेत, पण मूळ शब्दांत ‘ग’ नाही. रशियनमध्ये डोंगराला ‘गरा’ म्हणतात आणि चेकमध्ये ‘होरा’, कारण दोन्हींची पूर्वज असलेल्या जुन्या स्लाव भाषेतल्या ‘ग’चा चेकमध्ये ‘ह’ झाला.

अघोष, म्हणजे स्वरतंतू न थरथरवता काढलेल्या, स्पर्शांत नेमके उलट घडते: तिथे निसटण्याची शक्यता ओठांपाशच्या ‘प’ची अधिक. ‘प’ सुटतो तेव्हा ओठांच्या पुढे आवाज घुमवणारी पोकळीच नसते, म्हणून त्याचा स्फोट क्षीण ऐकू येतो. प्रमाण अरबीत ‘प’ आणि ‘ग’ ही दोन्ही टोके रिकामी आहेत. तिथे जुन्या ‘प’चा ‘फ’ झाला आणि ‘ग’चा ‘ज’.

‘म’ जवळपास सर्वत्र आढळतो, त्यावरून या ध्वनीत काही दैवी स्पंदन असल्याचे सांगितले जाते आणि अनेक भाषांतला ‘मामा’ म्हणजे आई हा शब्द पुरावा म्हणून दाखवला जातो. प्रत्यक्षात बाळाला ओठ मिटून नाकाने हवा सोडणे सोपे जाते आणि त्या आवाजाला अर्थ मोठी माणसे देतात. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे वडील आणि ‘देदा’ म्हणजे आई.

आणि उरलेल्या चार टक्क्यांत उत्तर अमेरिकेतील मोहॉक भाषा आहे. तिच्या मूळ शब्दांत ‘प’ नाही, ‘ब’ नाही आणि ‘म’ही नाही, त्यामुळे ती ओठ एकदाही न मिटता बोलता येते.