शॉर्टस्टॉपची थोरवी आणि आकड्यांचा वाद: पार्श्वभूमी

बेसबॉलमध्ये दुसरा आणि तिसरा बेस (धाव पूर्ण करताना गाठायचे थांबे) यांच्या मधल्या पट्ट्यात उभा राहतो तो शॉर्टस्टॉप. उजव्या हाताने खेळणाऱ्या बॅटरचे ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून येणारे फटके, याच बाजूला जास्त येतात आणि इथून पहिल्या बेसपर्यंतची फेकही लांब पडते. त्यामुळे या जागेसाठी संघ आधी हात आणि पाय बघतो, बॅट नंतर. फटके मोजणं सोपं असतं, अडवलेले चेंडू मोजणं त्याहून अवघड, आणि न पोहोचलेले चेंडू मोजणं सर्वांत अवघड. बॅटिंगसाठी गाजलेला शॉर्टस्टॉप डेरेक जीटर मोठा की क्षेत्ररक्षणासाठी गाजलेला ऑझी स्मिथ, हा वाद मिटत नाही तो या तिसऱ्या मोजमापामुळे.

ही जागा खेळाच्या जन्मापासून नव्हती. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबचा डॉक ॲडम्स १८५० च्या सुमारास तिथे उभा राहू लागला. तेव्हाचा चेंडू इतका हलका होता की आउटफिल्डमधून, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागातून, तो थेट आत फेकता येत नसे. मध्ये थांबून तो पुढे पोहोचवणारा माणूस लागे. चेंडू जड झाला तसा शॉर्टस्टॉप पुढे सरकून इनफिल्डमध्ये, म्हणजे बेसजवळच्या भागात, आला.

आकड्यांची सुरुवात एका क्रिकेट वार्ताहराने केली. इंग्लंडमधल्या एक्सेटरचा हेन्री चॅडविक न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत क्रिकेट सामन्यांची वर्णनं लिहीत असे. १८५९ मध्ये त्याने क्रिकेटच्या धावफलकाच्या धर्तीवर बेसबॉलचा बॉक्स स्कोअर छापला. क्षेत्ररक्षणाची नोंदही त्या काळातच सुरू झाली: पुटआउट (स्वतः बाद करणं), असिस्ट (बाद करायला मदत करणारी फेक) आणि एरर (चूक). पुटआउट आणि असिस्ट यांच्या बेरजेला तिन्हींच्या एकूण बेरजेने भागलं की फिल्डिंग पर्सेंटेज मिळतं. पुढची शंभर वर्षं शॉर्टस्टॉपचं मूल्य याच भागाकारावर ठरत राहिलं.

यात एक मोठी खोट आहे. एरर लागते ती हाताला लागलेला चेंडू निसटला तर. जो चेंडू गाठताच आला नाही तो बॅटरच्या नावावर हिट (बेस मिळवून देणारा फटका) म्हणून जातो आणि क्षेत्ररक्षकाच्या खात्यात काहीच पडत नाही. म्हणजे चार पावलं कमी धावणाऱ्याला उलट फायदाच. कारकिर्दीचं फिल्डिंग पर्सेंटेज पाहा: जीटर ०.९७६, स्मिथ ०.९७८. हजार चेंडूंत दोनचा फरक. पण दोघांना खेळताना पाहिलेला कोणीही त्यांना क्षेत्ररक्षक म्हणून बरोबरीचं म्हणणार नाही.

या खोटीवरचा पहिला गाजलेला उतारा बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक बिल जेम्स यांनी १९७० च्या दशकात मांडला: रेंज फॅक्टर. पुटआउट अधिक असिस्ट, गुणिले नऊ, भागिले खेळलेल्या इनिंग्ज. किती चुका झाल्या हे सोडून नऊ इनिंग्जमध्ये, म्हणजे एका पूर्ण सामन्यात, किती बाद मिळवून दिले एवढंच मोजायचं. १९८० मध्ये सान दिएगोकडून खेळताना स्मिथने ६२१ असिस्ट केले. शॉर्टस्टॉपसाठी तो विक्रम अजून टिकून आहे. मात्र रेंज फॅक्टरही एकट्याने वापरला तर फसवतो. सामन्यात २७ बाद घ्यायचे असतात. एका संघाचे पिचर (चेंडू टाकणारे) नऊ जणांना स्ट्राइकआउट, म्हणजे फटका न लागू देता बाद, करत असतील आणि दुसऱ्याचे पाच, तर पहिल्या संघाच्या क्षेत्ररक्षकांच्या वाट्याला १८ आणि दुसऱ्याच्या २२ बाद येतात. त्यात पिचर डावखुरा असला की समोर उजवे बॅटर जास्त येतात आणि शॉर्टस्टॉपकडे चेंडूही जास्त. आकडा वाढतो, पण त्यातला खेळाडूचा वाटा किती हे कळत नाही.

दरम्यान उत्तम क्षेत्ररक्षणासाठीचे गोल्ड ग्लव्ह पुरस्कार व्यवस्थापक आणि प्रशिक्षकांच्या मतांवर दिले जात होते, आणि ही मतं नावाला आणि बॅटिंगला भुलायची. १९९० मध्ये शॉर्टस्टॉप कॅल रिप्केनने १६१ सामन्यांत फक्त तीन एरर केल्या, तरी अमेरिकन लीगचा (दोन मुख्य लीगपैकी एक) पुरस्कार ओझी गियेनला मिळाला. जीटरला पाच गोल्ड ग्लव्ह मिळाले, २००४ ते २००६ आणि पुन्हा २००९, २०१०. २०१३ पासून या निवडीत आकड्यांना सुमारे पाव वाटा दिला गेला. हा बदल फार आधी व्हायला हवा होता, असं आमचं स्पष्ट मत आहे.

खरी उलथापालथ झाली ती प्रत्येक चेंडूची नोंद हाती आल्यावर. १९८९ मध्ये सुरू झालेल्या रेट्रोशीटच्या स्वयंसेवकांनी जुन्या सामन्यांच्या स्कोअरशीट गोळा करून संगणकात भरल्या. त्या माहितीवरून क्षेत्ररक्षण मोजणारी टोटल झोन ही पद्धत जुन्या खेळाडूंनाही लावता आली. २००३ पासून जॉन ड्यूवन यांच्या संस्थेची माणसं चित्रफीत पाहून प्रत्येक फटक्याची दिशा आणि वेग नोंदवू लागली. त्यातून डिफेन्सिव्ह रन्स सेव्ह्ड, म्हणजे क्षेत्ररक्षणाने वाचवलेल्या धावा, हा आकडा आला. २००६ मध्ये जेम्स यांनी जीटर आणि ह्यूस्टनचा ॲडम एव्हरेट यांची चेंडूगणिक तुलना केली. बॅट हाती घेतल्यावर एव्हरेट जीटरच्या जवळपासही नव्हता, पण मैदानात तो कितीतरी पुढे निघाला. जीटर कमी पडत होता तो डावीकडे, दुसऱ्या बेसच्या दिशेने जाणाऱ्या ग्राउंडरवर. उजवीकडे खोलवर जाऊन हवेत उडी मारत फेकण्याची त्याची हातोटी प्रत्येकाच्या डोळ्यांत भरायची. डावीकडून सुटलेला चेंडू मात्र ‘मधून गेलेला हिट’ म्हणून विसरला जायचा.

फटके आणि क्षेत्ररक्षण एका मापात आणण्याचं काम वॉर, म्हणजे विन्स अबव्ह रिप्लेसमेंट (बदली खेळाडूपेक्षा किती जास्त विजय मिळवून दिले), करतं. समजा एका शॉर्टस्टॉपने हंगामात सरासरी बॅटरपेक्षा २० धावा जास्त मिळवून दिल्या, बेसवरच्या धावपळीतून २, आणि क्षेत्ररक्षणात १० गमावल्या. अवघड जागेसाठी सुमारे ७ मिळतात. सहज मिळू शकणाऱ्या बदली खेळाडूशी तुलना करायची म्हणून पूर्ण हंगामाला आणखी २० च्या आसपास. बेरीज ३९. साधारण दहा धावांचा एक विजय धरतात, म्हणजे वॉर जवळपास चार. त्या सातच्या जागी पहिल्या बेसच्या खेळाडूला उणे बारा-साडेबारा मिळतात. म्हणून दोघांनी सारखीच बॅटिंग केली तरी शॉर्टस्टॉप वर्षाला दोन विजयांनी पुढे राहतो. अर्नी बँक्सची कारकीर्द याच रेषेवर दुभंगलेली आहे: १९५८ आणि १९५९ चे एमव्हीपी (सर्वांत मोलाच्या खेळाडूचा पुरस्कार) शॉर्टस्टॉप म्हणून, आणि १९६२ पासूनचा मोठा काळ पहिल्या बेसवर. त्याचे ५१२ होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर जाणारे फटके) ‘शॉर्टस्टॉपचे’ म्हणून मांडले की हिशेब चुकतो.

आता जीटर आणि स्मिथ. जीटरचे ३,४६५ हिट, २६० होमरन, सरासरी ०.३१०. स्मिथचे २,४६० हिट, २८ होमरन, सरासरी ०.२६२, आणि सलग १३ गोल्ड ग्लव्ह. (इथली सरासरी क्रिकेटसारखी धावांची नसते, अधिकृत संधींपैकी किती वेळा हिट मिळाला, ते प्रमाण.) बेसबॉल-रेफरन्स या संकेतस्थळाच्या हिशेबात क्षेत्ररक्षणात स्मिथ सरासरीपेक्षा सुमारे २४० धावांनी वर, जीटर जवळपास तितक्याच खाली. शेवटी वॉर स्मिथचं ७७ च्या जवळ आणि जीटरचं ७१ च्या. फॅनग्राफ्सवर मात्र क्रम उलटतो: जीटर ७३ च्या आसपास, स्मिथ ६८ च्या. दोन्ही संकेतस्थळं क्षेत्ररक्षण आणि जागेचं मूल्य वेगळ्या रीतीने मोजतात. वीस वर्षांच्या कारकिर्दीत पाच-सहा विजयांचा फरक हा पद्धतीचाच फरक असू शकतो. एवढ्यावरून एकाला निर्विवाद श्रेष्ठ ठरवणं चूक आहे. पण दोघं जवळपास बरोबरीचे आहेत, हे दोन्ही हिशेब सांगतात. फक्त हिट आणि होमरन पाहणाऱ्याला हे पटवून देता आलं नसतं.

शिखर महत्त्वाचं की लांबी, हा दुसरा प्रश्न. त्यासाठी जे जॅफी यांनी २००४ मध्ये जॉज हे माप आणलं: संपूर्ण कारकिर्दीचं वॉर आणि सर्वोत्तम सात हंगामांचं वॉर यांची सरासरी. शॉर्टस्टॉप नोमार गार्सियापारा इथे आठवतो. १९९९ मध्ये ०.३५७ आणि २००० मध्ये ०.३७२ सरासरीने त्याने लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. त्याच्या उत्तम सात हंगामांची बेरीज ४३ च्या आसपास, जीटरची ४२. पण २००१ च्या मनगटाच्या दुखापतीनंतर नोमारची घसरण झाली आणि एकूण वॉर ४४ वर थांबलं. हॉल ऑफ फेम या थोर खेळाडूंच्या सन्मानासाठीच्या मतदानात जीटरला २०२० मध्ये ३९७ पैकी ३९६ मतं मिळाली. नोमार दोनच वर्षांत मतपत्रिकेवरून गेला.

सर्वांत वर अजूनही पिट्सबर्गचा होनस वॅग्नर आहे. कारकीर्द १८९७ ते १९१७, नॅशनल लीगमध्ये आठ वेळा सर्वाधिक सरासरी, ७२३ स्टील (पिचर चेंडू टाकत असताना धावून मिळवलेले बेस), वॉर १३० च्या वर. १९३६ च्या पहिल्या हॉल ऑफ फेम मतदानात त्याला बेब रूथइतकीच, २२६ पैकी २१५ मतं मिळाली. त्याच्या क्षेत्ररक्षणाचा आकडा मात्र अंदाज आहे. चेंडूगणिक नोंदी तेव्हा कोणी ठेवल्याच नाहीत. आज स्टॅटकास्ट ही कॅमेऱ्यांची यंत्रणा प्रत्येक क्षेत्ररक्षक कुठे उभा होता आणि चेंडू गाठायला त्याला किती वेळ होता हे मोजतं, पण इनफिल्डचे त्याचे आकडे २०१६ पासूनचेच आहेत. एकाच तक्त्यात वॅग्नर आणि आजच्या काळातला शॉर्टस्टॉप फ्रान्सिस्को लिंडोर दिसले तरी त्यांच्या क्षेत्ररक्षणाच्या रकान्यांतली खात्री सारखी नाही.

वॅग्नरच्या काळाबद्दल आणखी एक गोष्ट प्रत्येक यादीसोबत सांगायला हवी. तो ज्या लीगमध्ये खेळला तिथे कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश नव्हता. त्याच काळातला जॉन हेन्री ‘पॉप’ लॉइड हा शॉर्टस्टॉप ‘काळा वॅग्नर’ म्हणून ओळखला जाई. त्याला हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली १९७७ मध्ये. डिसेंबर २०२० मध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंच्या निग्रो लीग्जना मेजर लीगचा दर्जा मिळाला आणि २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत आले, पण १९२० ते १९४८ या काळापुरतेच. लॉइडचा जन्म १८८४ चा. १९२० मध्ये तो छत्तिशीत होता, आणि त्याची ऐन भरातली वर्षं या मर्यादेच्या आधीच सरली होती. त्याच्या अधिकृत आकड्यांत ती धरलेलीच नाहीत.