घरमालकाचे दायित्व-संरक्षण (महाराष्ट्र)

भाड्याने दिलेल्या घरातून मालकावर येणारी कायदेशीर आणि आर्थिक जोखीम मर्यादित ठेवण्याचे मार्ग. महाराष्ट्रात त्यांतला सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार, म्हणजे भाडेपट्टा न करता ठरावीक मुदतीसाठी राहण्याचा नुसता परवाना. या कराराने घराचा ताबा सुरक्षित राहतो. घरात कुणाला इजा झाली तर भरपाईचा बोजा मात्र त्याने टळत नाही. करार झाला की सगळे मिटले, असे समजणारे मालक बरेच आढळतात.

या कराराच्या मागे जुनी धास्ती आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली आणि भाडेकरूला भक्कम संरक्षण दिले. एकदा शिरलेला भाडेकरू निघेना, म्हणून मालक भाडेपट्ट्याऐवजी राहण्याची नुसती परवानगी देऊ लागले. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ नुसार अशा परवान्याने जागेत हितसंबंध निर्माण होत नाही. पण १९७३ मध्ये भाडे कायद्यात कलम १५-अ घालण्यात आले आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर किमान एका खोलीत राहणारे एका फटक्यात कायद्याने भाडेकरू ठरले. फ्लॅट कुलूप लावून ठेवू पण भाड्याने देणार नाही, या हट्टाचे मूळ बऱ्याच अंशी इथे सापडते.

आजचा आधार म्हणजे ३१ मार्च २००० पासून अमलात आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. त्याच्या कलम २४ प्रमाणे राहण्यासाठी दिलेल्या जागेची मुदत संपली की परवानाधारकाने ताबा परत द्यायचा. न दिल्यास मालक दिवाणी दाव्याच्या फेऱ्यात न अडकता सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करू शकतो. मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाईही मिळते. समोरच्याला बाजू मांडायची असेल तर ३० दिवसांत तशी परवानगी मागावी लागते. लेखी करारात जे नमूद असेल, तो त्याबाबतचा निर्णायक पुरावा धरला जातो.

म्हणूनच नोंदणी महत्त्वाची. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची; ती चुकवायला ११ महिन्यांचा करार रूढ झाला. महाराष्ट्रात मात्र या युक्तीला अर्थ उरलेला नाही. १९९९ च्या कायद्याचे कलम ५५ मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा म्हणते आणि ती जबाबदारी थेट मालकावर टाकते. चुकल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून बोचरी तरतूद पुढची: नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य. तरीही ११ महिन्यांची सवय सुटलेली नाही.

पोलीस आयुक्तांचा तसा आदेश लागू असेल तिथे भाडेकरूची माहिती ठाण्यात द्यावी लागते, आणि परदेशी व्यक्ती असल्यास तिची माहिती २४ तासांत ठरलेल्या फॉर्ममध्ये (पूर्वीचा ‘सी फॉर्म’) भरावी लागते. भाडेकरूने पुढे काही गैरकृत्य केले तर मालकाकडे पहिला प्रश्न याच कागदांचा येतो. थकलेले वीजबिल, मोडतोड यांसाठी डिपॉझिट. सोसायटीच्या लेखी मात्र देणेकरी सभासदच, म्हणजे मालकच, कारण तिचा करार भाडेकरूशी नसतो.

खरा रिकामा कोपरा अपघाताचा आहे. गॅलरीतली कुंडी रस्त्यावर पडली, जुन्या वायरिंगचा शॉक बसला, बाथरूमच्या गळतीने खालच्या घराचे छत खराब झाले, तर निष्काळजीपणा कुणाचा हे पाहिले जाते. १९९९ च्या कायद्याच्या कलम १४ नुसार दुरुस्ती मालकाच्या माथी असल्याने बोट बहुधा त्याच्याकडेच वळते. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांनी देणे बंधनकारक असलेली ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आग, भूकंप, पूर यांनी झालेले घराचे नुकसान भरते आणि घर राहण्याजोगे न उरल्यास बुडालेले भाडेही. तिसऱ्या माणसाच्या दाव्यासाठी वेगळे सार्वजनिक दायित्व कवच घ्यावे लागते. एजंटाने ते सुचवले नसेल तर मालकाने स्वतः विचारावे.

अमेरिकेत भाड्याची घरे ‘एलएलसी’ या मर्यादित दायित्व कंपनीच्या नावे ठेवण्याची पद्धत आहे, म्हणजे दावा शक्यतो कंपनीच्या मालमत्तेपुरता राहतो. भारतात २००८ च्या कायद्याने मर्यादित दायित्व भागीदारी, अर्थात ‘एलएलपी’, उपलब्ध आहे. पण एक-दोन फ्लॅट तिच्या नावावर करायचे म्हटले तर मुद्रांक शुल्क, भांडवली नफ्याचा कर आणि दरवर्षीची विवरणपत्रे यांतच फायदा संपतो.