भगवंताचे अधिष्ठान

माणसाने कष्टात कसूर करू नये, पण कर्तेपण आणि फळ ईश्वराचे मानावे, हा समर्थ रामदासांच्या (शके १५३०–१६०३) विचारातील एक प्रमुख सिद्धान्त. दासबोधाच्या विसाव्या दशकातील (दशक म्हणजे दहा समासांचा, म्हणजेच प्रकरणांचा, विभाग) चौथ्या समासात तो सूत्ररूपाने येतो : ‘सामर्थ्य आहे चळवळेचें । जो जो करील तयाचें । परंतु तेथें भगवंताचें । अधिष्ठान पाहिजे ॥’ काही प्रतींत ‘तेथें’ऐवजी ‘येथें’ आढळते, तर ‘चळवळीचें’ हे रूप आज अधिक रूढ आहे. अर्थाला बाध येत नाही. ‘प्रयत्नांती परमेश्वर’ ही म्हण याच आशयाची आणि सर्वपरिचित आहे.

खरी अडचण ‘अधिष्ठान’ या शब्दाची. भगवद्गीतेत (१८.१४) कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करणे (इंद्रियांसारखी साधने), विविध चेष्टा (हालचाली) आणि पाचवे दैव. तेथे अधिष्ठान म्हणजे शरीर, असे शांकरभाष्य (शंकराचार्यांची गीतेवरील टीका) सांगते. भोक्ता (जीव) आपल्या भोग्यांसह जेथे वसतो तो देह, असे ज्ञानेश्वरही म्हणतात. रामदासांच्या ओवीत मात्र अधिष्ठान देहाचे नसून भगवंताचे आहे. गीतेच्या यादीत पहिले आणि पाचवे स्थान असलेल्या दोन गोष्टी, म्हणजे आधार आणि दैव, ओवीत एकत्र आल्या असे म्हणता येईल. परंतु रामदासांनी तो श्लोक समोर ठेवूनच ओवी रचली, असे ठामपणे म्हणवत नाही. वेदान्तात अधिष्ठान हा शब्द आभासाला आधार असणाऱ्या सद्वस्तूसाठीही येतो (सर्पाच्या आभासाला दोरी, त्याप्रमाणे). समासाचा विषय आत्मनिरूपण (आत्म्याचे विवेचन) असल्याने हा अर्थ अधिक जवळचा वाटतो.

‘चळवळ’ या शब्दाने दुसरा वाद निर्माण केला. विसाव्या शतकात या शब्दाला संघटित राजकीय आंदोलनाचा अर्थ चिकटला आणि ओवी त्याच अर्थाने वाचली जाऊ लागली. पुष्कळदा तिचा पहिला चरण तेवढा उद्धृत होतो. येथे हालचाल, धडपड, उद्योग हा जुना अर्थ घेणे सयुक्तिक. लगतची ओवी त्याला पुष्टी देते : ‘कर्ता जगदीश हें तों खरें’, पण त्याचे कर्तृत्व वेगवेगळ्या देहांत विभागून आले आहे, म्हणून तेथे अहंतेचे ‘काविरें’ (भ्रम) बाधू नये, असे ती सांगते. ओवीचा रोख संघटनेपेक्षा कर्तृत्वाच्या प्रश्नाकडे आहे.

राजकीय अर्थ घेणारे रामदास-शिवाजी भेटीचा आधार देतात. ती इ. स. १६४९ मध्ये झाली असे रामदासी सांप्रदायिक परंपरा मानते. १६७२ च्या सुमारास पहिली भेट मानणारा पक्ष कागदपत्रांच्या दृष्टीने अधिक सावध आहे. ओवीचा काळही नेमका ठरत नाही. सहाव्या दशकात कलियुगाची ४७६० वर्षे झाल्याचा उल्लेख आहे, म्हणजे शके १५८१ (इ. स. १६५९). हा पुरावा त्या दशकापुरता. ग्रंथ टप्प्याटप्प्याने सिद्ध झाला असे मानल्यास विसावे दशक बरेच नंतरचे ठरेल.

प्रयत्नासाठी रामदासांचा लाडका शब्द ‘साक्षेप’. हरिकथा-निरूपण, राजकारण, सर्वविषयी सावधपण आणि ‘चौथा अत्यंत साक्षेप’ असा क्रम अकराव्या दशकात आहे. आज या शब्दाचे अवशेष ‘साक्षेपी संपादक’ अशा प्रयोगात उरले आहेत. ‘यत्न तो देव जाणावा’ या प्रसिद्ध वचनात तर यत्न आणि देव यांच्यातील अंतरच मिटते. तेव्हा फळ देवावर सोपवायचे की यत्नालाच देव मानायचे? रामदासांच्या वाङ्मयात दोन्ही सूर आहेत. त्यांचा मेळ घालण्याचा अट्टाहास भाष्यकारांचा.

वारकरी परंपरेत अरण (जि. सोलापूर) येथील सावता माळी यांचा ‘कांदा मुळा भाजी । अवघी विठाई माझी’ हा अभंग या संदर्भात सांगितला जातो. तेथे फळ सोपवण्याचा प्रश्नच येत नाही. मळ्यातले पीकच विठाई आहे.