वाढीव खोलीची भिंत: जोतं भरण्याआधी ठरवा

घराला एक खोली वाढवायची म्हटलं की पहिली विचारणा ठरलेली असते: वीट घ्यावी की ब्लॉक? इन्सुलेशनचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या थराचा, विषय मात्र बहुतेक वेळा भिंत लिंटेलपर्यंत (दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईपर्यंत) आल्यावर निघतो. कामाचे सगळ्यात जास्त दिवस तिथेच वाया जातात, म्हणून आमच्या ग्राहकांसाठी हे पत्रक.

समजा, जोतं नऊ इंची भिंतीच्या हिशेबाने बांधलं आणि नंतर बाहेरून 50 मिमीचा इन्सुलेशन बोर्ड लावायचं ठरलं. जोत्यात तेवढी जागा नसेल तर बोर्ड जोत्याबाहेर लोंबतो आणि त्याच्या खालच्या कडेतून पाणी आत शिरतं. खिडकीची चौकट आत राहते, सिल (खिडकीखालची बाहेर आलेली फळी) आखूड पडते. सिलच्या खाली पाणी तोडणारी खाच असते, ती बोर्डाच्या आत गाडली जाते आणि पावसाचं पाणी थेट भिंतीवरून ओघळतं. हे दुरुस्त करायचं तर सिल काढून नवी बसवावी लागते, कधी चौकटही हलवावी लागते. हेच लाइनआउटच्या (जागेवर पायाची आखणी करण्याच्या) आधी ठरलं असतं तर कागदावरची एक रेघ सरकवून भागलं असतं.

म्हणून भिंतीचा छेद, म्हणजे ती कापून दाखवणारं चित्र, गिलाव्यासकट पूर्ण जाडी लिहून काढतो आणि त्यावर ग्राहकाची सही झाल्याशिवाय आम्ही पाया खणत नाही. काहींना हा उगाच उशीर वाटतो. पण चौकटींची मापं, छज्जा, दारातला उंबरठा हे सगळं त्या एका आकड्यावर अवलंबून असतं, त्यामुळे या बाबतीत आम्ही हटून बसतो.

आता पर्याय. भाजलेली वीट मजबूत असते, ओळखीची असते आणि खिळा छान धरते, पण उष्णता फारशी अडवत नाही. 50 मिमीचा एक्सपीएस (दाट फोमचा) बोर्ड जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला साधारण मीटरभर जाड विटेची भिंत लागेल. एएसी ब्लॉक, म्हणजे आत हवेचे बुडबुडे असलेला हलका ब्लॉक, तेवढ्याच आकाराच्या विटकामाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचा असतो आणि उष्णता बऱ्यापैकी अडवतो. एकमजली खोलीला आम्ही बहुधा 200 मिमीचा ब्लॉक सुचवतो. मात्र तो विटेसारखा पाण्यात भिजत घालायचा नाही, आणि जड कपाट टांगायचं असेल तर त्याचे खास अँकर वापरावे लागतात. दोन भिंतींमध्ये पोकळी ठेवणं पावसाच्या माऱ्यापुढे उत्तम, पण जागा खातं.

बोर्ड शक्यतो बाहेरून लावा. मग उष्णता साठवणारी जड भिंत खोलीच्या बाजूला राहते आणि आतलं तापमान सावकाश बदलतं. अधूनमधूनच वापरायची खोली असेल तर आतून लावलेला बरा, ती लवकर गार किंवा उबदार होते. थर्माकोल स्वस्त असतो पण पेट घेतो. स्वयंपाकघराच्या भिंतीला आम्ही रॉकवूलच (दगडापासून केलेली लोकर) सुचवतो, ते जळत नाही. आणि ओल असलेल्या भिंतीवर यातलं काहीही लावू नका, आधी ओलीचं कारण शोधा.

जुन्या आणि नव्या भिंतीचा सांधा हा वेगळाच विषय. जुना पाया बसून गेलेला असतो, नवा अजून बसायचा असतो. दोन्ही भिंती दात काढून (विटा एकमेकींत अडकवून) घट्ट जोडल्या तर तडा हमखास जातो. आम्ही तिथे हालचालीला वाव देणारा सांधा ठेवतो, स्टीलच्या पट्ट्यांनी भिंती धरतो आणि फट लवचिक सीलंटने भरतो. वरून ती रेघ दिसते, पण ती मुद्दाम ठेवलेली असते. प्लास्टरने झाकायला सांगू नका.

एक मात्र विसरू नका: एकमजली खोलीचं छप्पर दिवसभर उन्हात असतं. भिंतीला बोर्ड लावून छप्पर तसंच सोडलं तर खर्च झाला आणि खोली तापलेलीच, म्हणून अंदाजपत्रकात आम्ही दोन्ही एकत्र धरतो.

भेटायला येताना जुन्या भिंतीची जाडी, खोली कोणत्या दिशेला येणार ते आणि जोत्याजवळचे दोन-तीन फोटो आणा. तेवढ्यावर आम्ही छेद काढून देतो आणि बांधकाम व इन्सुलेशन दोन्ही आमचेच लोक करतात, त्यामुळे सांध्याची जबाबदारीही आमचीच राहते.