लघुउद्योगांतील हरित संशोधन आणि सरकारी प्रोत्साहन : पार्श्वभूमी

प्रदूषण करणाऱ्यावर कर बसवावा आणि ज्याच्या कामाचा लाभ इतरांनाही होतो त्याला साह्य द्यावे, ही मांडणी ब्रिटिश अर्थतज्ज्ञ आर्थर पिगू यांनी 1920 मध्ये केली होती. नव्या शोधाचा सगळा फायदा शोधणाऱ्याच्या पदरात पडत नाही, म्हणून केवळ बाजाराच्या भरवशावर संशोधनात पुरेसा पैसा येत नाही, हे अमेरिकी अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांनी 1962 मध्ये दाखवले. हरित तंत्रज्ञानात या दोन्ही अडचणी एकत्र येतात आणि तारण ठेवायला फारसे काही नसलेल्या लघुउद्योजकाला त्या अधिक जाचतात.

प्रत्यक्ष धोरणांना वेग आला तो मात्र 1973 च्या तेलसंकटानंतर. डेन्मार्कने 1979 पासून पवनचक्कीच्या खर्चाचा 30 टक्के भाग अनुदान म्हणून दिला. अट अशी की, ती पवनचक्की रिसो येथील चाचणी केंद्राने मान्य केलेली असावी. पैसा खरेदीदाराला मिळत होता, पण त्यामुळे शेती अवजारे बनवणाऱ्या वेस्टाससारख्या कारखान्यांना हमखास गिऱ्हाईक मिळाले आणि चाचणीच्या धाकाने यंत्रेही सुधारत गेली. याच सुमारास अमेरिकी सरकारने बोइंगसारख्या बड्या कंपन्यांकडून उभारून घेतलेल्या अजस्र पवनचक्क्या व्यापारी यशापर्यंत पोहोचल्या नाहीत, ही तुलना धोरणकर्त्यांनी अधिक गांभीर्याने घ्यायला हवी होती. तिथल्या करसवलतींमुळे कॅलिफोर्नियात डॅनिश पवनचक्क्यांना मोठी मागणी आली खरी, पण 1985 अखेर केंद्रीय सवलत संपताच ती कोसळली आणि वेस्टासवर 1986 मध्ये दिवाळखोरीची वेळ आली.

करसवलतीचा आणखी एक दोष हळूहळू ध्यानात आला. यंत्रावरील घसारा (वापराने घटणारी किंमत) करपात्र नफ्यातून लवकर वजा करण्याची मुभा नफ्यातील कंपनीलाच उपयोगी पडते. जिला अजून नफाच नाही, तिला कर तरी कुठला वाचणार? ब्रिटनने ऊर्जाबचतीच्या यंत्रांवर अशी सवलत 2001 मध्ये दिली आणि तोट्यातील कंपन्यांना त्या बदल्यात रोख रक्कम घेण्याची सोय 2008 मध्ये केली.

अमेरिकेने 1982 च्या कायद्याने वेगळी वाट धरली : मोठा संशोधन निधी बाहेर वाटणाऱ्या केंद्रीय खात्यांनी त्यातला ठरावीक हिस्सा लहान कंपन्यांसाठी राखून ठेवायचा. ऊर्जा खात्याच्या अशा अनुदानांचा अर्थतज्ज्ञ सब्रिना हॉवेल यांनी केलेला अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार पहिल्या टप्प्यातील सुमारे दीड लाख डॉलरच्या अनुदानाने कंपनीला साहसवित्त (जोखीम घेऊन नव्या कंपन्यांत गुंतवले जाणारे भांडवल) मिळण्याची शक्यता जवळपास दुप्पट झाली, तर दुसऱ्या टप्प्यातील कितीतरी मोठ्या रकमेचा त्यावर फारसा परिणाम दिसला नाही. पहिल्या पैशातून यंत्राचा नमुना तयार होतो आणि गुंतवणूकदाराची मुख्य शंका तिथेच फिटते, असे स्पष्टीकरण हॉवेल देतात.