बालगृह आणि निरीक्षणगृह: रस्त्यावरचे मूल नेमके कुठे जाते?

रेल्वे फलाटावर एकट्याने राहणाऱ्या मुलाला पोलिसांनी किंवा संस्थेच्या कार्यकर्त्याने सोबत नेले, की आजूबाजूचे लोक ‘रिमांड होममध्ये टाकला’ असे सरसकट म्हणतात आणि त्यानेही काहीतरी केलेच असेल, असे गृहीत धरतात. २०१५ च्या बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियमानुसार मात्र बालगृह आणि निरीक्षणगृह या दोन वेगळ्या संस्था असून तिथे मूल पोहोचण्याची कारणेही वेगळी आहेत.

घर सोडून आलेले, हरवलेले, टाकून दिलेले किंवा भीक मागायला लावलेले मूल हे ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ असते. त्याच्यावर कसलाही आरोप नसतो. उलट, त्याला भीक मागायला लावणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. अशा मुलाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते आणि गरजेप्रमाणे समिती त्याला बालगृहात ठेवते. सुरुवातीला मूल सांगेल ते नाव-गाव खरे असेलच असे नाही, कारण मारहाणीला कंटाळून पळालेल्या मुलाला पुन्हा त्याच घरी धाडले जाण्याची धास्ती असते. म्हणूनच सामाजिक तपासणी अहवाल महत्त्वाचा ठरतो: घरी कोण आहे, शाळा का सुटली, परत पाठवणे सुरक्षित आहे का, हे त्यातून कळायला हवे. चौकशीसाठी चार महिन्यांची मुदत आहे. ती घाईने उरकून केवळ पत्ता सापडला म्हणून मुलाला गाडीत बसवून देणे, याला मी पुनर्वसन मानत नाही.

निरीक्षणगृहात (लोकांच्या बोलण्यातले ‘रिमांड होम’) गुन्ह्याचा आरोप असलेली, म्हणजे विधीसंघर्षग्रस्त बालके, चौकशी चालू असेपर्यंत तात्पुरती ठेवली जातात. त्यांचा निर्णय एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असलेले बाल न्याय मंडळ करते. तेही तुरुंग नाही. या मुलांना पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत आणि जामीन हाच नियम आहे.

खरी अडचण भुकेपोटी चोरी करताना सापडलेल्या फलाटावरच्या मुलाची होते, कारण ते दोन्ही व्याख्यांत बसते. जामीन मंजूर झाला की घर असलेल्या मुलाला न्यायला आईवडील येतात. याला न्यायला कोणी नसल्याने ते निरीक्षणगृहातच अडकून पडण्याची भीती असते. कायद्याने हे ओळखले आहे. विधीसंघर्षग्रस्त बालकालाही त्याच वेळी काळजीची गरज असू शकते, हे मान्य करून कोणत्याही टप्प्यावर त्याचे प्रकरण समितीकडे सोपवण्याचा अधिकार मंडळाला दिलेला आहे. रस्त्यावरच्या मुलांसाठी या कायद्यातली ही सर्वांत मोलाची तरतूद आहे, असे मला वाटते, आणि अशा प्रत्येक प्रकरणात तिचा विचार पहिल्याच तारखेला व्हायला हवा.

एकटे मूल दिसल्यास १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करावा आणि जे दिसले तेवढेच सांगावे. ‘चोरी करत असेल’ अशी शंका जोडू नये. नातेवाइकांनी मुलाचा शोध घेताना, त्याला ठेवण्याचा आदेश समितीचा आहे की मंडळाचा, हे आधी विचारावे, कारण ताबा मिळवण्याचा अर्ज त्याच ठिकाणी करावा लागतो.